‘मीही हुकमाखालचा माणूस’: ख्रिस्ती विश्वास सैनिकाकडून समजून घेताना

२५ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका ख्रिस्ती लष्करी अधिकाऱ्याची याचिका फेटाळली. त्याच्या हाताखाली शीख जवान होते. जवानांबरोबर तो मंदिर आणि गुरुद्वारापर्यंत जायचा, पण पूजेच्या वेळी अगदी आतल्या गाभाऱ्यात जायला त्याने नकार दिला. आपला विश्वास तशी मोकळीक देत नाही, असं त्याचं म्हणणं होतं. २०२१ मध्ये लष्कराने त्याला सेवेतून काढलं, मे २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो निर्णय योग्य ठरवला आणि सर्वोच्च न्यायालयानेही त्यात बदल केला नाही.

आमच्या नाशिकरोडला या बातमीवर जरा जास्तच बोललं गेलं. इथे एकीकडे बाळ येशूचं देऊळ आहे, जिथे दर फेब्रुवारीत यात्रेला लांबलांबून माणसं येतात. दुसरीकडे तोफखान्याचं प्रशिक्षण केंद्र आणि पुढे देवळालीची स्कूल ऑफ आर्टिलरी. त्यामुळे ‘सैनिक’ आणि ‘ख्रिस्ती’ हे आमच्याकडे पेपरातले शब्द नाहीत, शेजारपाजारची माणसं आहेत. आमच्या शेजारी तोफखान्यातून निवृत्त झालेले सुभेदार राहतात. पिढीजात वारकरी घर. बातमी वाचून त्यांनी मला फाटकातच अडवलं. “अगं, तुमच्यात सारखं विश्वास, विश्वास म्हणतात, तो नेमका काय असतो? आमची पांडुरंगावर श्रद्धा आहे, तसंच ना?”

मी धर्मशिक्षणाच्या वर्गात इतकी वर्षं मुलांना हेच शिकवते, तरी उत्तर द्यायला मला दोन संध्याकाळी लागल्या. ते मी शेवटी एका सैनिकाच्या गोष्टीतून दिलं आणि त्यातला अवघड भाग या सुभेदारकाकांनीच मला समजावला.

श्रद्धा, विश्वास आणि इमान

बायबलचा नवा करार मुळात ग्रीक भाषेत लिहिला गेला. मराठी बायबलात जिथे ‘विश्वास’ येतो तिथे ग्रीकमध्ये ‘पिस्तिस’ असा शब्द आहे. या एका शब्दात दोन अर्थ नांदतात: एखाद्यावर भरवसा ठेवणं आणि एखाद्याशी एकनिष्ठ राहणं. मराठीत या दोन गोष्टींना दोन शब्द आहेत, आणि भाषांतरात त्यातला एकच हाती लागतो.

माझ्या मते त्या मूळ अर्थाच्या सगळ्यात जवळ जाणारा आपला शब्द ‘इमान’ आहे. हा शब्द अरबीतून आला. तिथे त्याचा अर्थ धर्मावरचा विश्वास. मराठीत रुळल्यावर तो निष्ठेकडे झुकला. खाल्ल्या मिठाला इमान राखणं, इमानेइतबारे चाकरी करणं, आणि उलट बाजूला ‘बेइमान’. श्रद्धा मनात असू शकते, ती कुणाला दिसलीच पाहिजे असं नाही. इमान मात्र वागण्यात दिसावं लागतं, आणि त्याला समोर कुणीतरी लागतं. हवेत इमान राखता येत नाही.

देव आहे हे नुसतं मान्य करणं म्हणजे ख्रिस्ती विश्वास नव्हे. नव्या करारातल्या याकोबाच्या पत्रात याबद्दल फार परखडपणे लिहिलं आहे: देव एक आहे हे भुतंसुद्धा मानतात, आणि थरथर कापतात. म्हणजे त्यांच्याकडे माहिती पक्की आहे, इमान नाही.

कफर्णहूमचा शताधिपती

आता ती गोष्ट. मत्तयाच्या शुभवर्तमानात (शुभवर्तमान म्हणजे येशूची जीवनकथा सांगणारं नव्या करारातलं पुस्तक) ती आठव्या अध्यायात आहे आणि लूकच्या सातव्या.

गालील सरोवराच्या उत्तर काठावर कफर्णहूम नावाचं छोटं गाव होतं. तिथे एक शताधिपती राहायचा. शताधिपती म्हणजे शंभर शिपायांचा नायक. प्रत्यक्षात रोमन सैन्यात त्याच्या हाताखाली साधारण ऐंशीच माणसं असायची. यातले बरेच जण साध्या शिपायापासून चढत वर आलेले असत. आपल्याकडच्या सुभेदाराची आठवण व्हावी असा हा माणूस: वरच्यांचा हुकूम खाली पोचवणारा आणि खालच्यांची नावं, दुखणी, घरची अडचण ठाऊक असणारा. तो यहुदी नव्हता. गावाच्या लेखी परका, आणि परक्या सत्तेच्या बाजूचा.

त्याचा चाकर आजारी पडला, अगदी मरणाला टेकला. लूक सांगतो की त्याने यहुद्यांच्या वडीलधाऱ्यांना येशूकडे धाडलं. त्यांनीही शब्द टाकला: माणूस चांगला आहे, आमचं सभास्थान, म्हणजे प्रार्थनेची जागा, यानेच बांधून दिलं. येशू निघाला. घर जवळ आलं तेव्हा शताधिपतीचा दुसरा निरोप आला. त्याचा आशय असा: प्रभू, तसदी घेऊ नकोस. तू माझ्या छपराखाली यावंस एवढी माझी लायकी नाही. नुसता शब्द बोल, माझा चाकर बरा होईल. कारण मीही हुकमाखालचा माणूस आहे आणि माझ्या हाताखाली शिपाई आहेत. एकाला जा म्हटलं की तो जातो, दुसऱ्याला ये म्हटलं की येतो.

हे मी काकांना वाचून दाखवलं तेव्हा ते मध्येच म्हणाले, “थांब. परत वाच. आधी काय म्हणाला? हुकमाखालचा, की हाताखाली शिपाई असलेला?”

आधी हुकमाखालचा. इतक्या वेळा ही गोष्ट वाचूनही तो क्रम माझ्या डोळ्यांत भरला नव्हता. काका म्हणाले, “बरोबर बोलला तो. माझ्या हुकमात माझी ताकद कधीच नव्हती. माझ्या वरच्याची होती, त्याच्या वरच्याची होती, थेट दिल्लीपर्यंत. मी ‘सावधान’ म्हणायचो आणि पन्नास माणसं ताठ व्हायची. रिटायर झालो त्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्या ‘सावधान’ला आमचा नातूसुद्धा उभा राहिना.”

शताधिपतीने येशूत नेमकं हेच ओळखलं. आपल्या तोंडून निघणाऱ्या ‘जा’मागे रोमचा सम्राट उभा आहे, हे त्याला रोजच्या चाकरीतून माहीत होतं. तसंच येशूच्या शब्दामागे देव उभा आहे, असं त्याने ताडलं. मग हात लावायची, घरी यायची, काही विधी करायची गरजच उरत नाही. अधिकार असेल तर शब्द पुरतो.

येशूला याचं आश्चर्य वाटलं, असं दोन्ही शुभवर्तमानं सांगतात. एवढा विश्वास मला इस्राएलातही आढळला नाही, असं तो बरोबरच्या लोकांना म्हणाला. शुभवर्तमानांत येशूला आश्चर्य वाटल्याचे उल्लेख दोनच माणसांच्या बाबतीत आहेत: एकदा या परक्या सैनिकाच्या विश्वासाचं, आणि एकदा त्याच्या स्वतःच्या नासरेथ गावच्या लोकांच्या अविश्वासाचं.

तोफेजवळच्या माणसाला लक्ष्य दिसत नाही

पुढचा प्रश्न माझ्या वर्गातली मुलंही विचारतात. जे दिसत नाही त्यावर भरवसा कसा ठेवायचा? यावर काकांनी मला तोफखान्याचं काम समजावलं. देवळालीच्या रेंजवर दरवर्षी ‘तोपची’ नावाचं मोठं प्रात्यक्षिक होतं, तिथे पाहुण्यांना फक्त धूर आणि आवाज दिसतो. खरी गंमत धुराच्या आधी असते.

तोफ बहुतेक वेळा टेकडीच्या मागे, शत्रूच्या नजरेआड उभी असते. तोफेवरच्या माणसांना लक्ष्य दिसतच नाही. समोर झाडं असतात, नाहीतर टेकडीची पाठ. लक्ष्य दिसतं ते पुढे उंचावर लपून बसलेल्या निरीक्षण अधिकाऱ्याला. त्या जागेला ओपी म्हणतात. ओपीकडून खबर मागच्या कमांड पोस्टला येते. तिथे तोफेची दिशा, नळीचा कोन, दारूचं प्रमाण हे सगळं मोजलं जातं, वारा आणि हवासुद्धा धरून. मग आकडे तोफेवर येतात. तोफेचा प्रमुख, ज्याला ‘नंबर वन’ म्हणतात, ते आकडे लावून घेतो आणि हुकूम आला की गोळा सुटतो. तो कुठे पडला हे त्याला दिसत नाही. ओपी बघतो आणि सांगतो: दोनशे वाढवा, शंभर कमी करा, डावीकडे घ्या.

“मग तुम्हाला कधी वाटलं नाही,” मी विचारलं, “की हे आकडे चुकीचे असतील?”

“वाटायचं ना. पण नळीवर चढून बघितलं असतं तरी मला काय दिसणार? टेकडीच. ज्याला दिसतंय त्याचं ऐकायचं. आणि ओपीतला साहेब आपल्याच पलटणीचा, त्याच्याबरोबर आपण जेवलेलो असतो.”

हे शेवटचं वाक्य मला महत्त्वाचं वाटतं. नंबर वनचा भरवसा आकड्यांवर बसतो, कारण तो आधी माणसावर बसलेला असतो. ओपीतल्या माणसाला तो ओळखतो. ख्रिस्ती विश्वासाचं असंच आहे. देव दिसत नाही, पण त्याचं बोलणं आणि त्याचं वागणं येशूच्या रूपाने माणसांनी पाहिलं, अशी आमची धारणा आहे. आधी त्या माणसाची ओळख, मग त्याच्या शब्दावर पाऊल. शताधिपतीनेही कफर्णहूममध्ये येशूबद्दल ऐकलेलं होतं. त्याने अंधारात उडी मारली नव्हती.

आणि ओपीकडून दुरुस्ती येते तेव्हा गनर रागावत नाही, रुसून बसत नाही. पहिला गोळा नेमका पडावा अशी कुणाची अपेक्षाच नसते. प्रार्थना, पश्चात्ताप, पापकबुली यांकडे आपण शिक्षा म्हणून बघतो. मला ती ‘शंभर कमी करा’सारखी वाटतात.

पण ही आंधळी ताबेदारी नाही का?

ही शंका रास्त आहे. वरून आलं म्हणून केलं, या सबबीखाली जगात फार वाईट गोष्टी घडल्या आहेत.

पहिलं म्हणजे, लष्करातही ताबेदारी बिनशर्त नाही. १९५० च्या सैन्य कायद्यात हुकूम मोडणं हा गुन्हा आहे, पण तिथे शब्द आहेत ‘कायदेशीर हुकूम’. बायबलातही मर्यादा स्पष्ट आहे. येशूच्या नावाने शिकवू नका, असा हुकूम यरुशलेमच्या सत्ताधाऱ्यांनी दिला, तेव्हा येशूचा शिष्य पेत्र आणि इतर प्रेषितांनी तोंडावर सांगितलं की माणसांपेक्षा देवाची आज्ञा आम्हाला पाळली पाहिजे.

दुसरं म्हणजे, इमानाची खरी कसोटी हुकूम देणारं कुणी उरलं नाही की लागते. याचं एक उदाहरण नाशिकचंच आहे. आज शरणपूर रोड म्हटलं की दुकानं आणि दवाखाने डोळ्यांपुढे येतात, पण शरणपूर हे १८५० च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीने वसवलेलं ख्रिस्ती गाव. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं इथे आणली गेली, शिकली, हातकाम शिकली. त्यांतले काही तरुण पुढे आफ्रिकेत डेव्हिड लिव्हिंग्स्टन या शोधप्रवाशाच्या शेवटच्या सफरीत सामील झाले. १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या अंतर्भागात वारला. आता हुकूम द्यायला कुणी नव्हतं, पगाराची शाश्वती नव्हती, प्रेत घेऊन दुसऱ्यांच्या मुलखातून जाणं धोक्याचं होतं. त्याच्या सोबत्यांनी प्रेत मिठात आणि उन्हात वाळवलं, गुंडाळलं आणि महिनोन्महिने चालत समुद्रकिनाऱ्यापर्यंत नेलं. शरणपूरला शिकलेल्या जेकब वेनराइटने लिव्हिंग्स्टन वारला तिथल्या झाडावर त्याचं नाव कोरलं, दफनाची प्रार्थना वाचली, आणि पुढे तो शवपेटीबरोबर इंग्लंडला गेला. १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत लिव्हिंग्स्टनला पुरलं तेव्हा पेटी उचलणाऱ्यांत तो होता.

या माणसांना सैनिक म्हणता येणार नाही. पण ते जे वागले त्याला मराठीत इमान याखेरीज दुसरं नाव मला सापडत नाही.

येशू तर दुसरा गाल पुढे करायला सांगतो

मग शस्त्र धरणाऱ्याचं उदाहरण ख्रिस्ती माणसाने घ्यावं तरी कसं? या प्रश्नावर ख्रिस्ती लोकांचं दोन हजार वर्षं एकमत झालेलं नाही, हे आधीच सांगते.

बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे काही शिपाई आले आणि म्हणाले, आम्ही काय करावं? त्याने चाकरी सोडा असं सांगितलं नाही. कुणाला लुबाडू नका, खोटे आरोप करू नका, आपल्या पगारात समाधान माना, असं सांगितलं. पेत्राने कर्नेल्य नावाच्या शताधिपतीला बाप्तिस्मा दिला, तोही वर्दी उतरवायची अट न घालता. याउलट, इसवी सन २०० च्या आसपास कार्थेजचा ख्रिस्ती लेखक तर्तुलियन सैनिकी पेशाला कडाडून विरोध करत होता. चौथ्या शतकातला मार्टिन हा रोमन घोडदळातला तरुण. कडाक्याच्या थंडीत वेशीपाशी कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला त्याने आपला झगा तलवारीने अर्धा कापून दिला. पुढे, मी ख्रिस्ताचा सैनिक आहे, मला लढता येत नाही, असं सांगून त्याने सैन्य सोडलं. पुढे जेझुइट संघ स्थापणारा इग्नेशियस लोयोला तर १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडल्यामुळे अंथरुणाला खिळला, आणि त्या अंथरुणावर त्याचं आयुष्य पालटलं. तोफांच्या गावात राहून मला ही गोष्ट नेहमी आठवते.

नव्या करारातली प्रेषित पौलाची पत्रं वाचली की घोळ थोडा सुटतो. तो ख्रिस्ताच्या चांगल्या ‘शिपाया’बद्दल लिहितो. (आज शिपाई म्हटलं की आपल्याला कचेरीतला पाणी आणून देणारा आठवतो, म्हणून मुलांना आधी शब्द समजावावा लागतो.) त्या शिपायाकडून पौलाला तीन गोष्टी हव्या आहेत: त्याने कष्ट सोसावेत, इतर व्यापात गुंतू नये, आणि ज्याने भरती केलं त्याला संतोषवावं. मारण्याचा उल्लेखही नाही. इफिसकरांच्या पत्रात तो पूर्ण चिलखताचं वर्णन करतो, कंबरपट्ट्यापासून शिरस्त्राणापर्यंत, पण त्याआधीच बजावतो की आपलं झुंजणं रक्तामांसाच्या माणसांशी नाही. सैनिकाची शिस्त घ्या, त्याचं लक्ष्य नको. मला तरी हे पटतं.

गाभाऱ्याच्या उंबरठ्यावर

आता पुन्हा त्या बातमीकडे. तोफखान्यात जवान शपथ घेतो ती तोफांच्या साक्षीने, कारण तोफ हेच तिथलं निशाण. शपथेच्या वेळी धर्मगुरू आपापले ग्रंथ घेऊन हजर असतात. म्हणजे देशाशी इमान आणि देवाशी इमान ही दोन्ही एकाच मैदानावर, एकाच सकाळी. बहुतेकांच्या आयुष्यात ती कधी भांडत नाहीत. त्या अधिकाऱ्याच्या आयुष्यात भांडली.

न्यायालयाने शिस्त आणि जवानांच्या एकजुटीच्या बाजूने कौल दिला. कायद्याचा निकाल लागला. विश्वासाच्या बाजूने मात्र बायबलात या प्रसंगाला दोन गोष्टी भिडतात, आणि त्या वेगवेगळ्या दिशेला नेतात.

एक, नामानाची. अरामाच्या राजाचा हा सेनापती. अलीशा संदेष्ट्याच्या शब्दावरून तो यार्देन नदीत सात वेळा बुडी मारून कोडातून बरा झाला आणि यापुढे एकाच देवाला भजेन म्हणाला. पण लगेच त्याने अडचण सांगितली. माझा राजा रिम्मोनाच्या देवळात पूजेला जातो, माझ्या हाताचा आधार घेतो, तेव्हा मलाही वाकावं लागतं. एवढ्याची मला क्षमा व्हावी. अलीशाने ना होकार दिला ना नकार. तो म्हणाला, शांतीने जा.

दुसरी, शद्रख, मेशख आणि अबेदनगो यांची. बाबेलच्या राजाने उभारलेल्या सोन्याच्या मूर्तीपुढे वाकायला त्यांनी साफ नकार दिला आणि भट्टीत जाणं पत्करलं.

मी स्वतः नामानाच्या बाजूला झुकते. आपल्या माणसांचा आधार म्हणून त्यांच्याबरोबर आत उभं राहणं म्हणजे देवाशी बेइमानी, असं मला वाटत नाही. माझ्या वारकरी शेजाऱ्यांबरोबर मी कीर्तनाला बसते, हातही जोडते, ते त्या माणसांच्या प्रेमापोटी. पण ज्याचं मन तिथे अडतं, त्याला मी हट्टी म्हणणार नाही. त्याने नोकरी गमावली. इमानाची किंमत इतकी रोख मोजलेली मी तरी मोजकीच माणसं पाहिली आहेत. काका मात्र ठाम होते: “जवान आत असताना साहेब बाहेर? नाही जमायचं.” यावर आमचं एकमत झालं नाही, आणि आम्ही चहा घेतला.

रिपोर्ट यायच्या आधी

शताधिपतीचं नाव शुभवर्तमानांत कुठेच नाही. त्याचं वाक्य मात्र आमच्या दर मिस्सेत, म्हणजे कॅथलिक उपासनेत, आहे. कम्युनियन, म्हणजे ख्रिस्तप्रसाद, घेण्याआधी सगळी मंडळी एका सुरात तेच म्हणतात: प्रभू, तू माझ्या छपराखाली यावंस एवढी माझी लायकी नाही, नुसता शब्द बोल. कॅम्पातून आलेले जवान, शाळेच्या शिक्षिका, भाजीवाल्या मावशी, सगळे.

हे ऐकून काकांनी शेवटचा प्रश्न विचारला. “चाकर बरा झाला हे त्याला कळलं कधी?”

लूकमध्ये निरोप जातात, पण मत्तयाच्या सांगण्यानुसार शताधिपती स्वतःच येशूकडे आला होता, आणि येशू त्याला म्हणाला, जा, तू विश्वास धरलास तसंच तुला होवो. चाकर त्याच घटकेला बरा झाला, पण तो घरी होता आणि शताधिपती रस्त्यावर. त्याला घरापर्यंत चालत जावं लागलं असणार, हातात नुसता शब्द घेऊन.

“म्हणजे गोळा सुटलाय आणि ओपीचा रिपोर्ट यायचाय,” काका म्हणाले.

“तेवढ्या वेळात नंबर वन काय करतो?”

“करायचं काय? पुढचा गोळा तयार ठेवतो.”